संत बेनेडिक्ट यांच्या मठातला कारभार

संत बेनेडिक्ट यांनी ज्या मठाचे प्रमुखपद पहिल्यांदा स्वीकारले, तिथल्या मठवाशांनी त्यांच्या द्राक्षारसात विष कालवले. पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बेनेडिक्ट यांच्या चरित्रात ही हकिगत आहे. जुने प्रमुख वारले तेव्हा ते लोक स्वतःच बेनेडिक्ट यांच्याकडे आले होते. माझी शिस्त तुम्हाला मानवणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते, पण मंडळींनी ऐकले नाही. पुढे ती शिस्त सोसवेना म्हणून विषाचा प्याला पुढे आला. बेनेडिक्ट यांनी त्यावर क्रुसाची खूण करताच तो फुटला. देवाने तुमच्यावर दया करावी, एवढे म्हणून ते आपल्या एकांतात परतले.

सुमारे 529 साली त्यांनी रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या डोंगरावर माँटे कॅसिनोचा मठ स्थापन केला आणि तिथे मठजीवनाची नियमावली लिहिली. तिची 73 प्रकरणे आहेत. जगभरातले बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन मठ आजही तिच्या आधारे चालतात. तिच्यातला समजूतदारपणा पाहिला की मला वाटते, विषाचा तो प्याला लिहिणाऱ्याच्या आठवणीत असला पाहिजे. नेत्याने नम्र असावे, हे सगळेच सांगतात. बेनेडिक्ट यांनी त्या नम्रतेला रोजच्या कामकाजात वार, वेळ आणि रीत नेमून दिली.

सल्ला कसा घ्यायचा ते तिसऱ्या प्रकरणात आहे. मठापुढे महत्त्वाचा प्रश्न आला की मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलवायचे आणि प्रश्न काय आहे तो स्वतः मांडायचा. मग सगळ्यांचे ऐकायचे, त्यावर मनाशी विचार करायचा आणि हिताचे वाटेल ते ठरवायचे. सगळ्यांना का बोलवायचे, याचे कारणही दिले आहे: अधिक चांगली वाट प्रभू पुष्कळदा लहानालाच दाखवतो. देव कोणाच्या तोंडून बोलेल हे मठाधिपतीला आधी कळत नाही, या श्रद्धेवर ही बैठक उभी आहे. म्हणून ऐकण्याचे नुसते नाटक केले, तर तो देवाशीच केलेला खोटेपणा ठरतो. बोलणाऱ्यालाही बंधन आहे. मत नम्रपणे सांगायचे, हेका धरायचा नाही. बाब किरकोळ असेल तर ज्येष्ठांचा सल्ला पुरतो, पण सल्ल्यावाचून काहीच करायचे नाही.

इथे मतदान नाही आणि शेवटचा शब्द मठाधिपतीचा, हे आजच्या वाचकाला खटकेल. पण तो अधिकार मोकाट सोडलेला नाही. मठाधिपती स्वतः नियमावलीला बांधलेला आहे आणि हाताखालच्या प्रत्येक माणसाचा हिशेब त्याला देवापुढे द्यायचा आहे. ही मांडणी आपल्याला परकी वाटायला नको. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाचे मतही सल्ल्यापुरतेच असते, निर्णय धर्मगुरूंचा. वसईच्या धर्मग्रामापासून ब्राझीलच्या धर्मग्रामापर्यंत कायदा हाच. असे मंडळ जिवंत राहते की नुसते सह्यांपुरते उरते, हे फादर किती मनापासून ऐकतात यावर ठरते.

आता स्वयंपाकघरात जाऊ, कारण या नियमावलीचे मर्म मला तिथे दिसते. वाढण्याची आणि स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. आजारी माणूस किंवा मोठ्या कामात गुंतलेला बंधू सोडला तर कोणालाही सूट नाही. अशक्त बंधूंना मदतनीस द्यायचे. शनिवारी पाळी संपणाऱ्याने सगळी स्वच्छता करायची आणि बंधू ज्यांनी हातपाय पुसतात ते पंचे धुवायचे. मग पाळी संपलेला आणि पाळीवर येणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठावळ्याकडे परत जातात. तो ती पुढच्याच्या हाती देतो, म्हणजे काय दिले आणि काय परत आले याची नोंद चोख राहते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. बऱ्याच ठिकाणी त्या प्रसंगाची आठवण वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी होते. इथे ती दर शनिवारी, भांड्यांच्या मोजदादीबरोबर होते. पाहुणे आले की त्यांचे पाय धुवायला मठाधिपतीनेही बंधूंबरोबर असायचे.

स्वयंपाकघराच्या याच प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरलेल्या वाट्याखेरीज थोडी भाकरी आणि पेय द्यायचे, म्हणजे ते कुरकुर न करता बंधूंना वाढतील. भुकेल्या माणसाला सेवेचे प्रवचन देऊन भागत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत होते.

कुरकुरीची त्यांना फार धास्ती होती. संपूर्ण नियमावलीत ते पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळतात. पण तिच्या कारणांकडेही त्यांचे लक्ष आहे. वस्तू सगळ्यांना सारख्या वाटायच्या नाहीत, गरजेप्रमाणे द्यायच्या. ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत, ज्याला जास्त लागते त्याने नम्र राहावे. कोठावळ्याने मठाची अवजारे आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानायची. कोणी अवाजवी मागणी केली तर झिडकारायचे नाही, कारण सांगून सौम्यपणे नकार द्यायचा. द्यायला काहीच नसेल तर निदान गोड शब्द द्यायचा. आणि मठ मोठा असेल तर कोठावळ्यालाही मदतनीस, म्हणजे त्याचे मन शांत राहील.

चुकणाऱ्याचे काय? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम इथे वापरला आहे. आधी ज्येष्ठांनी दोनदा एकांतात समज द्यायची, मग सर्वांसमक्ष, आणि तरीही सुधारणा नसेल तर पंगतीतून आणि प्रार्थनेतून दूर ठेवायचे. दूर ठेवल्यावरची तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. मठाधिपतीने जाणते, वयस्क बंधू गुपचूप त्याच्याकडे पाठवायचे. त्यांनी त्याचे सांत्वन करायचे, दुःखाने तो खचू नये हे पाहायचे. शिक्षा करणाऱ्यानेच आधाराचीही सोय करायची. मठ सोडून गेलेला परत आला तर तीनदापर्यंत त्याला आत घ्यायचे.

याच नियमावलीत छडीचीही शिक्षा आहे. ती त्या काळाची रीत होती, आपण ती उचलू नये.

बाकीच्या तरतुदी थोडक्यात. मठातली ज्येष्ठता वय किंवा घराण्यावर ठरत नाही, मठात प्रवेश कधी केला यावर ठरते. गुलामीतून आलेल्यापेक्षा स्वतंत्र घरातला वरचढ नाही. मठ मोठा असेल तर दहा दहा जणांवर प्रमुख नेमायचे. त्यांची निवड आचरण पाहून करायची, आणि गर्व चढल्यास तीनदा सुनावून काढून टाकायचे. एखाद्याला झेपणार नाही असे काम आले, तर त्याने योग्य वेळ पाहून वरिष्ठाला शांतपणे अडचण सांगावी. बाहेरून आलेल्या साधूने नम्रपणे दोष दाखवला तर मठाधिपतीने तो विचारात घ्यावा. कदाचित प्रभूने त्याला त्यासाठीच पाठवले असेल.

मठाधिपतीने भीतीपेक्षा प्रेम मिळवावे, असेही बेनेडिक्ट सांगतात. गंज काढण्याच्या नादात भांडेच फुटू नये, ही त्यांची उपमा.

तुम्ही बचत गट, शाळा, प्रार्थना गट किंवा एखादे दुकान चालवत असाल, तर यातली एक रीत उचला. पुढच्या महत्त्वाच्या बैठकीत प्रश्न तुम्ही मांडा, स्वतःचे मत शेवटी सांगा आणि सगळ्यात नव्या माणसाला विचारल्याशिवाय बैठक उठवू नका.