वणवा विझल्यावरचा डोंगर

फेब्रुवारी सरत आला की कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसू लागतात. माथेरानचा डोंगर, प्रबळगड, इर्शाळगड, ढाकची रांग, कुठली ना कुठली सोंड पेटलेली असते. वणवा ‘अज्ञात इसमाने’ लावला अशी नोंद होते, आणि हा अज्ञात इसम पायथ्याच्या ठाकुरवाडीतलाच असणार, हे ऐकणाऱ्याने मनात आधीच ठरवलेलं असतं.

हा संशय फार जुना आहे. ठाकूर-कातकरी शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो. शेण, कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पानांच्या फांद्या, वाळलं गवत आणि वर बारीक माती असे थर रचायचे, वारा पडलेला पाहायचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध जाईल अशी आग द्यायची, म्हणजे ती धावत नाही, धुमसत राहते. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, कवळ तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की 1885 साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबाची ठिणगी रानात कधीच जात नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणारे आहेत, शिकारीसाठी रान पेटवणारे आहेत, जाळलं की गवत जोमाने फुटतं असं मानणारेही आहेत. पण गडावर चूल मांडून निखारे तसेच सोडून जाणारे शहरी पाहुणे या यादीत क्वचितच येतात.

वनखात्याचा आधार आजही भारतीय वन अधिनियम, 1927 हाच. त्याच्या 26व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करू शकतं. काडी एकाने ओढायची आणि भोगायचं अख्ख्या वाडीने! शिवाय 79व्या कलमानुसार, ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. म्हणजे संशयितही तेच आणि हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणारेही तेच.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे इशारे आता मोबाइलवर येतात. सोय चांगली आहे, पण इशारा येतो तो आग लागल्यावर. खरं काम त्याआधीचं. राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरला जातो. आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवायचा पट्टा, म्हणजे जाळरेषा, त्याआधी काढून झाली पाहिजे, आणि सोंडेवरची पायवाट न् पायवाट ठाऊक असलेल्या माणसांना त्याची मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे.

सगळ्यात मोठी हेळसांड होते ती आग विझल्यावर. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीलगत धावते. जाड सालीचे ऐन, साग तगून जातात. म्हणून ‘गवतच तर जळालं’ असं वाटतं. जळतात ती हातभर उंचीची रोपं, पडलेलं बी, पाचोळ्याचा थर. दोनतीन महिन्यांत त्याच उघड्या उतारावर कोकणचा पाऊस कोसळतो, माती ओढ्याला लागते आणि मोकळ्या जागेत घाणेरी, रानमोडी माजतात.

इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ठाकूर समाजाचीच. 19 जुलै 2023च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ती दरड वणव्यामुळे आली, असं मी म्हणणार नाही. पण ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं. जंगल वनखात्याचं, वाडी महसूलची, या वाटणीत उताराकडे बघायला कुणीच उरत नाही.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्त्याचं उत्पन्न आपणहून सोडलं, कारण त्यासाठी रान जाळलं जातं. असा निर्णय धाक घालून घेता येत नाही. 2006च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतंच. कर्जत-खालापूरच्या वाड्यांना तो हातात मिळू द्या, आणि वाडीच्या माथ्यावरचे कुठले उतार यंदा जळाले याची यादी मे संपायच्या आत तहसीलदारांच्या टेबलावर आणि वाडीच्या समाजमंदिरातही लागू द्या.