जवानाची पुंजी आणि घराचा प्रश्न

आपल्या समाजाचे आणि फौजेचे नाते जुने आहे. सुभेदार रामजी सकपाळ यांना पेन्शन असूनही कुटुंबासाठी साताऱ्यात पुन्हा नोकरी धरावी लागली, हे आपण जाणतोच. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि आजही आपल्या अनेक घरांतील मुलगा सैन्यात आहे. म्हणून निवृत्तीच्या पैशाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

कचेरीतला माणूस अठ्ठावन्न-साठीला निवृत्त होतो. जवान मात्र चाळिशीच्या आसपासच घरी येतो. मुले शाळेत असतात, स्वतःचे घर नसते आणि सरकारी क्वार्टर सोडावे लागते. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि विकलेल्या पेन्शनचे पैसे थोड्याच दिवसांत खात्यावर जमा होतात. (जमिनीच्या दलालाला ही तारीख घरच्यांच्या आधी ठाऊक असते!)

पेन्शन विकणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. समजा, चाळिशीत दरमहाचे १० हजार रुपये विकले, तर हाती साधारण ११ लाख येतात. त्या बदल्यात १५ वर्षे दरमहा १० हजार, म्हणजे एकूण १८ लाख कापले जातात. हिशेब केला तर हे वर्षाला साधारण साडेसात टक्के व्याजाचे कर्ज ठरते. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळतो आणि मध्येच जवानाचे निधन झाले तर पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून वसुली होत नाही. तेव्हा घरासाठी हा पैसा घेणे वावगे नाही. लग्नाच्या मांडवात तो उधळणे किंवा उसना देणे आम्हाला पटत नाही.

आमच्या परिचयातील एका हवालदाराने सुट्टीवर असताना गुंठ्याचा प्लॉट नोटरीच्या कागदावर घेतला. निवृत्तीनंतर पाया खणायला गेले, तेव्हा सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचेच निघाले. आज ते रात्रपाळीला वॉचमन आहेत. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे आधी पाहिला असता तर पैसे वाचले असते. नोटरीने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते. फ्लॅट घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, असा २०१६ चा कायदा आहे. सैनिकांसाठी १९७८ पासून आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशन ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते. ग्रुप इन्शुरन्सचे गृहकर्ज हवे असेल तर नोकरीत असतानाच अर्ज करावा.

२०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांची गोष्ट निराळी आहे. चार वर्षांनंतर त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के मुले सैन्यात कायम होतात. बाकीच्यांच्या हाती सेवानिधी येतो. योजना जाहीर झाली तेव्हा ही रक्कम व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार सांगितली होती. पंचविशीच्या आतल्या मुलाने ती सगळी घरात गाडू नये, आधी शिक्षण किंवा धंदा पाहावा, असे आमचे मत आहे.

शेवटी भगिनींसाठी. पतीच्या पेन्शनच्या कागदावरील तुमचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, ते आजच पाहा. फरक असेल तर पती हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर विधवेला एका अक्षरासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. जाताना डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश सोबत न्यावा.