जंतूंची मोजदाद आणि डेन्मार्कच्या शेतकऱ्यांचा अनुभव

दुभत्या गाईस दगडी झाली, म्हणजे तिची कास टणक होते, ती हात लावूं देत नाहीं, दुधांत गुठळ्या दिसूं लागतात, आणि वेळीं उपाय न झाला तर एखादें सड कायमचें आटतें. अशा वेळीं शेतकरी औषधाची सुई टोचून घेतो आणि पुष्कळदां गाय बरी होतेही. परंतु अशीही तक्रार ऐकूं येते कीं, मागें ज्या औषधानें दोन दिवसांत उतार पडला, तेंच आतां पांच दिवस देऊनही गुण येत नाहीं. मग कोणी औषध बनावट ठरवितो, कोणी डॉक्टरास दोष देतो. या दोन्ही शंका प्रसंगीं खऱ्या असतीलही. पण एक तिसरें कारण आहे, आणि तें डोळ्यांस दिसत नसल्यामुळें त्याचा विचार सर्वांच्या शेवटीं होतो. औषध तेंच राहिलें, पण जंतु बदलले.

जंतु बदलले म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगण्यास फार पाल्हाळ नको. कारण निवडीची विद्या त्याच्या घरचीच आहे. आपण जोंधळ्याचीं चांगलीं कणसें निवडून त्यांचें बियाणें राखतों, आणि कांहीं वर्षांत सर्व शेत त्या वाणाचें होतें. प्रतिजैविक औषध, ज्यास बाजारांत अँटिबायोटिक म्हणतात, तें जंतूंच्या बाबतींत अशीच निवड करतें. कोट्यवधि जंतूंमध्यें दोनचार असे निघतात कीं, त्यांस तें औषध मारूं शकत नाहीं. बाकीचे मेले म्हणजे सगळें रान या दोनचारांस मोकळें मिळतें. आणि अनुकूल स्थितींत कांहीं जंतु तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. औषध अर्ध्यावर सोडलें, किंवा थोड्या थोड्या मात्रेनें महिनोन् महिने चारीत राहिलें, तर ही निवड फारच चांगली साधते. शिवाय जंतूंत एक गोष्ट अशी आहे, जी पिकांत नाहीं. एका जातीचा जंतु आपली ही प्रतिकारशक्ति शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. जोंधळ्याचा गुण नुसत्या शेजारानें हरभऱ्यांत उतरावा, तसाच हा प्रकार! त्यामुळें जनावराच्या आंतड्यांत तयार झालेल्या या शक्तीस माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोंचण्याची वाट मिळते.

हें सर्व प्रयोगशाळेंत मोजल्याशिवाय कळत नाहीं, आणि एकदां मोजून तर मुळींच कळत नाहीं. वर्षानुवर्षें मोजावें लागतें. जनावरें, मांस व माणसें या तिहींची अशी एकत्र मोजदाद ज्या देशांनीं प्रथम नेटानें केली, त्यांत डेन्मार्कचें नांव अग्रभागीं आहे. हा देश सहकारी चळवळीच्या वाचकांस अपरिचित नाहीं. १८८२ सालीं येडिंग गांवीं निघालेली सहकारी दुग्धशाळा आणि १८८७ सालीं हॉर्सेन्स येथें निघालेला डुकरांचा सहकारी कत्तलखाना, यांचे दाखले आपल्याकडे पुष्कळ वेळां दिले जातात. पण याच देशाच्या गोठ्यांतून गेल्या तीस वर्षांत जो दुसरा धडा निघाला, त्याची वार्ता आपल्याकडे फारशी पोंचलेली दिसत नाहीं.

सुमारें १९५० पासून प्रथम अमेरिकेंत व पुढें युरोपांत असें आढळून आलें कीं, निरोगी कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यांत अँटिबायोटिकाचा अगदीं थोडा अंश मिसळला, तर त्यांचें वजन जरा लवकर चढतें. रोग नसतां औषध चारण्याची ही चाल मग सर्वत्र पसरली. डेन्मार्कांत या कामीं अव्होपार्सिन नांवाचें औषध चालत असे. तें माणसांस कधींच देत नसत, म्हणून त्यापासून कोणास धोका आहे असें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. परंतु त्याचें एक सख्खें भावंड, व्हॅन्कोमायसिन, हें इस्पितळांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं राखून ठेवलेलें औषध होतें. आणि जो जंतु एकास दाद देत नाहीं तो दुसऱ्यासही देत नाहीं. १९९४ सालीं त्या देशांत सर्व माणसांसाठीं मिळून २४ किलो व्हॅन्कोमायसिन लागलें, आणि जनावरांच्या खाद्यांत २४,००० किलो अव्होपार्सिन गेलें. एक डॉक्टर जपून थेंब थेंब वापरीत आहे, आणि त्याच्याच गांवचा शेतकरी पोत्यानें ओतीत आहे, असें तें दृश्य होतें. आणि यांत दोघांचाही हेतु वाईट नव्हता.

१९९५ सालीं तेथील पशुवैद्यक प्रयोगशाळेस निरोगी डुकरांच्या व कोंबड्यांच्या आंतड्यांत या औषधांस न जुमानणारे एंटेरोकॉकस जातीचे जंतु सांपडले. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत सरकारनें अव्होपार्सिन बंद केलें, आणि त्याच वर्षीं 'डॅनमॅप' या नांवानें कायमची मोजदाद सुरू झाली. तिची एक रीत विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. आजारी जनावरांचेच नमुने तपासले, तर ज्यांच्यावर औषधें चालून थकलीं अशींच जनावरें प्रयोगशाळेंत येतात व आकडा फुगतो. म्हणून त्यांनीं कत्तलखान्यांत येणाऱ्या निरोगी जनावरांचे नमुने ठराविक पद्धतीनें घेतले, दुकानांतील मांसाचे घेतले, इस्पितळांतील रोग्यांचे घेतले, आणि कोणतें औषध किती खपलें याचा हिशेब त्यांच्या शेजारीं मांडला. आजारी व निरोगी, विक्री व परिणाम, हीं सर्व एका वहींत आल्याखेरीज कारण हातीं लागत नाहीं.

आतां निकाल पाहावा. मांसासाठीं पाळलेल्या कोंबड्यांत या जंतूंपैकीं १९९५ सालीं शेंकडा ७२.७ औषधास दाद देत नव्हते. २००० सालीं तें प्रमाण शेंकडा ५.८ वर उतरलें. औषध थांबविलें, जंतूंची शक्ति ओसरली. हिशेब सरळ लागला. पण डुकरांत तसें झालें नाहीं. अव्होपार्सिन बंद होऊन दोन वर्षें लोटलीं, तरी त्यांच्यांतील प्रमाण शेंकडा २० च्या आसपास जागचें हललें नाहीं. येथें एखाद्यानें सहज म्हटलें असतें कीं, बंदीचा कांहीं उपयोग नाहीं, पूर्ववत् चालूं द्या. मोजदाद चालू होती म्हणूनच खरें कारण उघडकीस आलें. डुकरांस टायलोसिन नांवाचें दुसरेंच एक औषध वाढीसाठीं चारीत असत. प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, डुकरांतील या जंतूंत दोन्ही औषधांस विरोध करणारीं बीजें एकाच गांठोड्यांत बांधलेलीं आहेत. एका जुवास जुंपलेल्या बैलांपैकीं एकास हांकलें कीं दुसराही चालूं लागतो, त्याप्रमाणें टायलोसिन चालू होतें तोंवर अव्होपार्सिनचा प्रतिकारही जिवंत राहत होता. १९९८ व १९९९ सालीं टायलोसिनचा वापर घटला, आणि २००० सालीं डुकरांतील प्रमाण शेंकडा ६ वर आलें. एक औषध बंद करून दुसरें चारीत राहिल्यानें आपण सुटलों असें मानणाऱ्यांनीं हा प्रकार अवश्य विचारांत घ्यावा.

यांतील शेतकऱ्यांचा वांटाही सांगितला पाहिजे. १९९८ सालीं डेन्मार्कच्या गोमांस व कुक्कुट उत्पादकांनीं आपण होऊन वाढीसाठीं औषध चारणें सोडलें. त्याच वर्षीं डुक्कर पाळणाऱ्यांनीं मोठ्या डुकरांत तें थांबविलें, आणि १९९९ अखेर दूध तुटलेल्या पिल्लांतही. हें फुकट झालें असें मात्र नव्हे. पिल्लांत हगवण वाढली, त्यांच्यावर उपचारासाठीं औषध अधिक लागूं लागलें, आणि कांहीं पालकांस दूध तोडण्याचें वय व खाद्य बदलावें लागलें. जागतिक आरोग्य संघटनेनें पुढें या सर्व व्यवहाराची तपासणी करविली. तींत एका डुकरामागें खर्च सुमारें एक युरो वाढल्याचा अंदाज निघाला. कोंबड्यांत खाद्य किंचित् अधिक लागलें, पण न घेतलेल्या औषधाच्या किंमतींत तें भरून निघालें. देशांतील जनावरांच्या औषधांचा एकूण खप मात्र पूर्वीच्या निम्म्याच्याही खालीं आला. पशुवैद्यानें औषध विकून फार नफा करूं नये, असा निर्बंधही तेथें घातला गेला होता. आमच्या मतें या सर्वांत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची होय, कारण जो सल्ला देतो त्याचें पोट जर औषधाच्या खपावर अवलंबून असेल, तर सल्ला कोणत्या बाजूस झुकेल हें सांगावयास नको.

आपल्या देशाशीं याचा संबंध दूरचा नाहीं. कोलिस्टिन हें असेंच शेवटच्या फळीचें औषध. तें कुक्कुटपालनांत खाद्यांतून सर्रास दिलें जात असे. चीनमध्यें जनावरांतील जंतूंच्या नेहमींच्या तपासणींत एका डुकराच्या जंतूंत असें बीज आढळलें कीं, तें एका जंतूंतून दुसऱ्यांत सहज जाऊन कोलिस्टिनास निकामी करतें. हा शोध २०१५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाला, आणि मग तें बीज अनेक देशांत सांपडलें. आपल्या केंद्र सरकारनें १९ जुलै २०१९ रोजीं अन्नासाठीं पाळलेलीं जनावरें, कोंबड्या, मासे व त्यांचें खाद्य यांसाठीं कोलिस्टिनची निर्मिति व विक्री बंद केली. भारतीय कृषि संशोधन परिषदेनें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या साह्यानें जनावरें व मासे यांच्यासाठीं प्रयोगशाळांची 'इन्फार' नांवाची साखळीही उभी केली आहे. परंतु हजारों खेड्यांत विखुरलेल्या, दोनदोन गाई बाळगणाऱ्या गोठ्यांची खबर वरून खालीं जाणाऱ्या साखळीस आपोआप लागत नाहीं. ती खालून वर गेली पाहिजे, आणि ती जाण्याचें साधन म्हणजे दुधाची एक लहानशी बाटली.

बाटली प्रयोगशाळेंत गेल्यावर काय होतें, तें पाहूं. दुधाचा थेंब समुद्रशेवाळापासून केलेल्या खळीसारख्या थरावर पसरून शरीराच्या उष्णतेइतक्या उबेंत रात्रभर ठेवतात. सकाळीं जंतूंचे ठिपके उगवलेले दिसतात. त्यांची जात ओळखतात. मग तेच जंतु दुसऱ्या थाळींत सर्वत्र सारखे पसरून त्यांवर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या वाटोळ्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशीं जें औषध लागूं पडणारें असेल, त्याच्या चकतीभोंवतीं जंतु न उगवलेलें स्वच्छ वर्तुळ दिसतें. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरांत मोजून ठराविक कोष्टकाशीं ताडून पाहतात. जेथें चकतीला खेटून जंतु उगवले, तें औषध त्या गाईस देणें म्हणजे पैसा व दिवस दोन्ही पाण्यांत घालणें. याच मोजमापांची वर्षभराची वही म्हणजे त्या तालुक्याची मोजदाद.

नमुना मात्र औषध टोचण्यापूर्वीं घेतला पाहिजे. सुई दिल्यानंतरच्या दुधांत औषधच उतरतें, आणि मग थाळींत कांहीं उगवत नाहीं. सड धुऊन कोरडें पुसावें, त्याचें तोंड स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसून वाळूं द्यावें, पहिल्या दोनतीन धारा टाकून द्याव्या, आणि पुढची धार निर्जंतुक बाटलींत बोट न लागूं देतां धरावी. प्रत्येक सडाची बाटली निराळी असावी, तिच्यावर गाईचें चिन्ह व तारीख लिहावी, आणि ती बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी. गाय फार आजारी असेल तर निकालासाठीं उपचार थांबवूं नये. नमुना घ्यावा, डॉक्टरांनीं सुचविलेलें औषध सुरू करावें, आणि दोनतीन दिवसांनीं निकाल आला म्हणजे त्याप्रमाणें त्यांनीं बदलल्यास बदलावें. औषध चालू असतां, आणि तें थांबल्यावरही त्याच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत, दूध संस्थेस घालूं नये.

पुण्यास औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, व पशुवैद्यक महाविद्यालयांतही अशी तपासणी होते. एकट्या शेतकऱ्यानें एक बाटली घेऊन तेथवर जाणें परवडत नाहीं, हें उघड आहे. पण दूध संकलनाच्या केंद्रावर निर्जंतुक बाटल्यांचा एक खोका व बर्फाची एक पेटी ठेवणें आणि दुधाच्या गाडीबरोबर त्या रोज शहरांत पाठविणें, हें कोणत्याही दूध संस्थेच्या आवांक्यांतलें काम आहे. संस्थेनें येणाऱ्या निकालांची एक नोंदवहीही ठेवावी, आणि कोणतें औषध आपल्या गांवीं कितपत चालतें, तें दर सहा महिन्यांनीं सभासदांपुढें वाचून दाखवावें.