सोय, सवलत आणि पाखंड : चर्च आणि माणसांतला भेद

मंडळी, आजचा विषय आहे वंशभेदाला चर्चने केलेला विरोध. वारंगा फाट्यावर बसून दक्षिण आफ्रिकेची चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. आमचं म्हणणं एवढंच, की ही गोष्ट फिरून आपल्या गावच्या चहाच्या कपाशी येते.

आधी १८५७ साल घेऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने एक ठराव केला. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, हे त्या ठरावाने मान्य केलं. पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' जिथे अडचण होते, तिथे वेगळी बैठक चालेल, अशी पुस्ती जोडली. ही दुर्बलता कुणाची? काळ्यांसोबत प्रभुभोजनाला बसायला तयार नसलेल्या गोऱ्यांची. पुढे १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळं चर्चच निघालं. १९४८ नंतर सरकारने वर्णद्वेषाचे कायदे केले, तेव्हा याच परंपरेतल्या धर्मपंडितांनी त्यांना बायबलचा आधार शोधून दिला. म्हणजे बघा, आधी सोय झाली, मग सोयीची रीत झाली आणि शेवटी रीतीचं तत्त्वज्ञान झालं.

विरोधही चर्चमधूनच उभा राहिला. ट्रेव्हर हडलस्टन, डेझमंड टुटू, ॲलन बोसाक ही त्यातली मोठी नावं. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने ओटावा इथे जाहीर केलं, की वर्णद्वेषाचं धार्मिक समर्थन हे पाखंड आहे. 'चूक' आणि 'पाखंड' यांत फरक आहे. चूक आचरणात होते. पाखंड म्हणजे त्या चुकीलाच धर्म म्हणणं. त्याच वर्षी बेल्हारच्या कबुलीजबाबाचा मसुदा तयार झाला. तो लिहिला कुणी? १८८१ मध्ये ज्यांना वेगळं काढलं होतं, त्याच चर्चने.

आता आपल्याकडे या. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. तिथल्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात शाळा काढायची प्रेरणा मिळाली. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'नेच छापला. ज्या लेकराला रस्त्यावरून धड चालू देत नव्हते, त्याचं म्हणणं छापून आलं. हे काम लहान नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून कशी चालेल? गोव्यातल्या कितीतरी चर्चांमधली बंधुमंडळं जातवार होती. तमिळ मुलखात चर्चमधल्या बैठका वेगळ्या, दफनभूमीही वेगळी. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा, असं फर्मावलं, तर कित्येकांनी चर्चच सोडलं. बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजाला तोंडावर सांगितलं, की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून लढला नाहीत. आणि २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्वतःच्या दस्तऐवजात चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचं मान्य केलं.

यात कायद्याचाही पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. धर्म बदलला की जात जाते, असं कायदा धरून चालतो. गावाला ते मान्य आहे का? वस्ती तीच, आडनाव तेच, सोयरिकीला नकारही तोच.

तेव्हा आम्ही यातून काय घ्यायचं? भेद दारातून येताना 'मी भेद आहे' असं सांगत नाही. तो 'तेवढी सोय करा हो, लोक ऐकत नाहीत' असं म्हणत येतो. हॉटेलातला वेगळा कप असाच येतो, गावातलं वेगळं स्मशानही तसंच. त्याला अडवायची वेळ तीच असते. सोयीचं शास्त्र झाल्यावर अडवायला गेलात, तर १८५७ ची सवलत १९८२ मध्ये पाखंड ठरेपर्यंत जेवढा काळ लागला, तेवढा लागतो. सव्वाशे वर्षं. मधल्या पिढ्यांचा हिशोब कुणी द्यायचा?

प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.