स्पॅनिशच्या गल्लीबोळांतून – ६ : पोलिसांनी टिपलेली बोली

बुएनोस आयरेसचा माणूस सकाळी 'त्राबाखो'ला (म्हणजे कामाला) निघत नाही, 'लाबुरो'ला निघतो. पैशाला तो 'गीता' म्हणतो (मराठी कान दचकतो, पण उच्चार खरोखर असाच आहे). जेवणं म्हणजे 'मोर्फार', आणि काहीच करू नयेसं वाटलं की त्याच्या अंगात 'फियाका' भरते. अर्जेंटिनाच्या राजधानीतली ही बोली म्हणजे लुन्फार्दो.

चोरांची भाषा ही तिची ओळख अजून पुरती पुसलेली नाही. १८७८ साली 'ला प्रेन्सा' या दैनिकात चोरांच्या बोलीवर एक लेख आला. पुढच्याच वर्षी पोलीस खात्यात कारकुनी केलेल्या बेनिग्नो लुगोनेसनं 'ला नासिओन'मध्ये याच विषयावर लिहिलं. १८९४ मध्ये अंतोनियो देलेपियाने या कायदेपंडितानं तर तिचा कोशच केला. पुस्तकाचं नाव होतं 'गुन्ह्याची भाषा'. शब्द टिपणारेच पोलीस आणि वकील, मग बोलणारे सगळे गुन्हेगार ठरले यात नवल काय? 'लुन्फार्दो' या शब्दाचा जुना अर्थही चोर असाच आहे.

माझ्या मते हा त्या बोलीवर झालेला अन्याय आहे. 'लाबुरो' आला इटालियन 'लावोरो'वरून, म्हणजे काम, मजुरी. हा घाम गाळणाऱ्याचा शब्द आहे. १९१४ च्या जनगणनेत या शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती, आणि त्यांत इटालियनांचा भरणा मोठा. 'कोन्व्हेन्तियो' नावाच्या चाळीत एकेका खोलीत एकेक कुटुंब राही. अंगण, नळ, भांडणं सामायिक. जेनोव्हाचा गोदी कामगार, स्पेनच्या गॅलिसियातला नोकर आणि गावाकडून आलेला गाउचो, म्हणजे घोडेस्वार गुराखी, एकमेकांशी बोलणार कसे? जो शब्द हाताशी लागला तो त्यांनी उचलला. 'बोंदी' म्हणजे बस. हा शब्द ब्राझीलमधल्या ट्रामच्या नावावरून आला. गोंधळाला म्हणतात 'किलोम्बो'. तो मूळचा अंगोलातला, गुलामांबरोबर ब्राझीलमार्गे पोचलेला.

त्यात खेळकरपणाही भरपूर. आपली मुलं 'च'ची भाषा बोलतात, तसं इथं शब्दातली अक्षरं उलटवतात. या प्रकाराला 'बेस्रे' म्हणतात, आणि ते नावसुद्धा 'रेबेस' म्हणजे 'उलट' या शब्दाला उलटवून केलेलं! तांगोचं 'गोतान' होतं, काफेचं 'फेका', आमिगोचं (मित्राचं) 'गोमिआ'. उलटलेला शब्द कधीकधी नवा अर्थही घेतो. हॉटेल म्हणजे 'ओतेल', पण 'तेलो' म्हणजे कुठलंही हॉटेल नव्हे. जोडप्यांना तासांवर खोली देणारं तेवढंच.

१९१७ मध्ये गायक कार्लोस गार्देलनं पास्क्वाल कोन्तुर्सीचे शब्द असलेला 'मी नोचे त्रिस्ते' हा तांगो गायला आणि ही बोली ग्रामोफोनवरून सभ्य घरांत शिरली. ते सगळ्यांना रुचलं नाही. १९४३ साली सत्तेवर आलेल्या लष्करी राजवटीत रेडिओवर तिला मज्जाव झाला. गाजलेल्या तांगोंचे शब्द बदलून गावे लागले. १९४९ मध्ये तांगोच्या गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरोन यांना भेटलं, तेव्हा कुठे बंधनं सैल झाली. १९६२ मध्ये लुन्फार्दोचा अभ्यासक होसे गोबेयो आणि त्याच्या सोबत्यांनी या बोलीसाठी अकादमी स्थापली. आज बुएनोस आयरेसचे डॉक्टर आणि प्राध्यापकही बिनदिक्कत 'लाबुरो' म्हणतात.

पुढच्या भागात अँडीज ओलांडून चिलीत जाऊ. तिथं दर दुसऱ्या वाक्याला 'काचाय?' ऐकू येतं.