नगरची छात्राध्यापिका

दरवर्षी 3 जानेवारीला गावोगावच्या शाळांत छोट्या सावित्रीबाई उभ्या राहतात. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. अंगावर शेण-चिखल झेलत शाळेकडे निघालेल्या बाईंचा प्रवेश हमखास होतो आणि टाळ्याही तिथेच पडतात. त्याआधीचा एक प्रवेश मात्र कुणी बसवत नाही. त्यात सावित्रीबाई शिकवत नाहीत, शिकवायचं कसं ते शिकतात. तो प्रवेश घडला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 साली बसलं होतं. मुलींच्या शाळा पाहत होत्या सिंथिया फॅरार. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये 1795 साली जन्मलेल्या या बाई मुळात शिक्षिका. परदेशी मिशनकामावर पाठवलेल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांच्या अगदी पहिल्या फळीतल्या. 1827च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या, तिथल्या मुलींच्या शाळा दहा वर्षं सांभाळल्या, प्रकृतीपायी मायदेशी जाऊन आल्या आणि 1839पासून नगरच्या झाल्या. 1862 साली त्यांनी देह ठेवला तोही नगरलाच. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण बाराखडी, हिशेब आणि शिवणकाम शिकून मुली घरी जात होत्या, हेही तितकंच खरं.

तेव्हाची गावशाळा पंतोजींची. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, पाढे एका सुरात म्हणायचे, चुकलं की छडी. या शाळेत मुलगी नव्हती, मग शिक्षिका कुठून असणार? मुलींची शाळा काढायची तर खरी अडचण जागेची किंवा पैशाची नव्हती, शिकवणाऱ्या बाईची होती.

जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले, तेव्हा त्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा तिथून मिळाली, असं त्यांनी पुढे 1853 साली ‘ज्ञानोदया’त सांगितलं. हे पत्रही 1842 साली नगरलाच सुरू झालेलं. पाहून थक्क होणारे पुष्कळ असतात. जोतीरावांनी पुढचा हिशेब केला. पत्नीला त्यांनी घरी लिहायला-वाचायला शिकवलंच होतं, पण स्वतःला वाचता येणं वेगळं आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणं वेगळं. म्हणून सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. एक नगरला फॅरारबाईंच्या संस्थेत, दुसरा पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ‘नॉर्मल’ म्हणजे इथे नेहमीचं नव्हे. फ्रान्समधल्या ‘एकोल नॉर्माल’वरून आलेला हा शब्द, अर्थ नमुन्याची शाळा. शिकवणं कसं असावं याचा नमुना जिथे डोळ्यांसमोर ठेवला जातो, ती.

या शिक्षणाचं फळ पुण्यात दिसलं. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा उघडली, तिथे सावित्रीबाई मुख्याध्यापिका होत्या. 1852च्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि 16 नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. शेण अंगावर घेऊन वर्गापर्यंत पोचायला धैर्य लागतं. वर्गात शिरल्यावर मात्र मुलींना जोडाक्षरं समजावून सांगता यावी लागतात. तिथे धैर्य उपयोगी पडत नाही, तालीम पडते.

ती तालीम आज जिल्ह्यात पदविकेच्या रूपात चालते. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. संगमनेरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, लोकांच्या तोंडी ‘डाएट’. अभ्यासक्रम मात्र जुन्या पिढीच्या तोंडी अजून ‘डी.एड.’च. नावं बदलली, गाभा तोच आहे. छात्राध्यापिका आधी मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा तास पाहते, निरीक्षण वहीत टिपते. मग पाठ टाचण काढते: हेतू, साहित्य, प्रश्न, फलकलेखन. मग सराव पाठ, आणि शेवटी आंतरवासिता, म्हणजे सलग काही आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर.

पहिल्या पाठात सर्वांच्या टाचणाची गत सारखीच होते. पाच मिनिटांसाठी योजलेली प्रस्तावना दोन मिनिटांत संपते. खडू मोडतो. अक्षरं फळ्यावर उतरणीला लागतात. ‘कळलं का?’ म्हटल्यावर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि कुणालाच कळलेलं नसतं. ऊसतोडीवरून उशिरा परतलेलं एखादं पोर हात वर करून भलतंच विचारतं, त्याचं उत्तर टाचणात नसतं. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई काही बोलत नाहीत, वहीत लिहितात. पाठ संपल्यावर त्या वहीतल्या चार ओळींवरच ती मुलगी पुढे शिक्षिका होते.

म्हणून येत्या 3 जानेवारीला एक प्रवेश नवा बसवावा. नगरची शाळा, समोर मुली, आणि मागे बसून मन लावून पाहणारी एक तरुण सून. टाळ्या कमी पडतील. पण महाराष्ट्राच्या लाडक्या शिक्षिकेने आधी विद्यार्थिनी होऊन हे काम शिकून घेतलं होतं, एवढं मुलांना नक्की कळेल.