चैत्रातले हिम

मांडवात बसून हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचाच पंखा करणाऱ्या मंडळींपुढे हिमाचा विषय काढणे थोडे अप्रस्तुत वाटेल. तरी विषय वसंताचाच आहे. आपल्याकडे चैत्रपालवी फुटते त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील दावोस गावाच्या ओल्या कुरणांतून केशराच्या कुळातली रानफुले डोके वर काढतात आणि स्कीइंगचा हंगाम उलगू लागतो. गाव 1560 मीटर उंचीवर आहे. तेथून हजारभर मीटर वर, वाइसफ्लूयोख येथे, 2540 मीटरवरच्या एका सपाट जागी 1936 सालापासून हिमाची जाडी मोजीत आले आहेत. त्या नोंदी पाहिल्या म्हणजे गंमत वाटते. वर हिमाचा थर सर्वांत जाड होतो तो बहुधा एप्रिलात, म्हणजे खाली पाहुणे सामान बांधू लागतात तेव्हा.

मग हंगाम का संपतो? हिम सरले म्हणून नव्हे. त्याचा स्वभाव पालटतो म्हणून.

मराठीत बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुशात ठेवलेली लादी येते. हिम म्हणजे तसा दगड नव्हे. ते कणांचे असते आणि कणांमध्ये हवा असते. वसंतात दिवसा कण वितळून ओले होतात, रात्री ते पाणी गोठून एकमेकांस घट्ट धरते. सकाळी सगळा उतार फरशीसारखा कठीण. ऊन चढले की वरचे दोनतीन सेंटिमीटर तेवढे मऊ होतात आणि खाली टणक आधार राहतो. ह्या घडीस जाणकार स्कीवाला जपतो. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी पिकतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. आणि शहाणा माणूस सूर्याच्या मागोमाग डोंगर फिरतो. फार उशीर झाला की पाय गुडघाभर फसतो.

ह्या सगळ्याचा जीव रात्रीत आहे. रात्र थंड हवी असे कोणीही म्हणेल; पण खरे पाहता ती निरभ्र हवी. हिम आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकीत असते. आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल, तर हवेचा पारा शून्याच्या दोनतीन अंश वर असतानाही हिमाचा पृष्ठभाग गोठतो. ढग आले की ते गोधडीसारखे ती उष्णता परत खाली पाठवितात. हे आपल्या देशास नवे नाही. रॉबर्ट बार्कर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादेच्या बर्फाची हकीगत कळविली. तेथे हिवाळ्यात उसाची चिपाडे घातलेल्या खड्ड्यांत मातीच्या उथळ ताटल्यांतून पाणी ठेवीत आणि पहाटे त्यावरचा बर्फ गोळा करीत. ढगाळ रात्री काम साधत नसे. नाशिककडचा द्राक्षबागायतदारही निरभ्र रात्रीलाच भितो.

आता दिवसाचे. एप्रिलअखेरचा सूर्य ऑगस्टच्या मध्यातल्या सूर्याइतका उंच असतो, हे हिमाकडे पाहून आपण विसरतो. ताजे हिम त्याचा ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परतवते; जुने, ओले हिम जेमतेम पन्नास-साठ. त्यात कधी सहाराची धूळ वाऱ्यावर येऊन पडते. फेब्रुवारी 2021 मध्ये आल्प्सचे उतार असे पिवळसर तांबूस झाले होते. मळकट हिम ऊन अधिक पिते आणि लवकर वितळते. फ्यॉन नावाचा उबदार कोरडा वारा डोंगरावरून उतरला तर रात्रीची गोठणही धड होत नाही.

आणि येथे खेळ संपून जिवाचा प्रश्न सुरू होतो. वितळलेले पाणी थरांतून खाली झिरपते. हिवाळ्यात तळाशी साखरेसारखे सुटे, भुसभुशीत कण साचलेले असले आणि पाणी तेथवर प्रथमच पोचले, की वरचा सगळा थर निराधार होऊन सुटतो. कोरडा हिमलोट बहुधा माणसाच्या पायानेच निघतो. ओला मात्र पुष्कळदा आपण होऊन, दुपारी. म्हणून दावोसच्या हिमसंशोधन संस्थेचे इशारे वसंतात अनेकदा दुहेरी असतात, एक सकाळचा आणि एक दिवस चढल्यावरचा. 1951 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये 98 माणसे हिमलोटांत गेली, तेव्हापासून हे इशारे तेथील लोक हवामानाच्या गप्पा म्हणून ऐकत नाहीत.

हिशेब आता थोडा बदलला आहे. 1970 ते 2015 ह्या काळात आल्प्समधील अकरा स्विस ठाण्यांवर हिमाचा मुक्काम सरासरीने महिन्याहून अधिक आखडला. त्यांतले सुमारे बारा दिवस सुरुवातीचे, सव्वीस शेवटचे. म्हणजे कात्री लागली ती मुख्यतः वसंतालाच. गोठणाऱ्या रात्री कमी झाल्या की ती सकाळची घडीही आखूड होते, आणि रजा ठरवून आलेला पाहुणा तीच घडी दुपारी शोधू लागतो. आम्हांला धोका दिसतो तो येथे.

अनुभवी माणसाची रीत सोपी आहे. तो पहाटे चारला उठून खिडकी उघडतो. चांदण्या दिसल्या तर बूट चढवतो आणि दुपारच्या आत परत येतो. नाही दिसल्या, तर पुन्हा पांघरूण ओढून घेतो.